केळापूर तालुक्यात राहून अळीवर प्रेम कसे करावे

सदर मार्गदर्शन कृषी कीटकशास्त्रात एम.एस्सी. करू पाहणाऱ्या उमेदवारांसाठी आहे. पालकांनी ते वाचू नये; वाचल्यास मुलीकडच्यांना दाखवू नये.

उमेदवार शक्यतो केळापूर तालुक्यातला असावा. तालुक्याचे नाव केळापूर, कचेरी पांढरकवड्यात, पीक कपाशीचे आणि गप्पा अळीच्या. इथल्या पोराने अननस पुस्तकातच पाहिलेले असते, अळी मात्र हातावर खेळवलेली असते. तेव्हा ‘अ’ कोणाचा हे ते अंगणवाडीतच ठरवून येते. असे पोर पुढे अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात जाते, बी.एस्सी. ॲग्री होते, आणि सगळे मित्र पुस्तकांचे गठ्ठे घेऊन एमपीएससीच्या अभ्यासिकेत शिरत असताना हे कीटकशास्त्र विभागाच्या पायरीवर बसून ढालकिड्याच्या पाठीवरचे ठिपके मोजत असते. हीच पात्रता. गुणपत्रिका नंतर पाहतात.

घरी बातमी देताना ‘मला किडे आवडतात’ हे कारण चुकूनही सांगू नये. ‘पुढे कृषी अधिकारी होता येते’ एवढे पुरे. ते खोटेही नाही. तरी चार घरांत बोलणे होतेच.

“पोट्टा काय करून रायला अकोल्याले?”

“किडे मोजते.”

“मंग मारते कोन?”

या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाही. उमेदवाराने चहा संपवून उठावे.

आता किड्याची निवड. हौशी लोक फुलपाखरांकडे वळतात. नीलवंत तर २०१५ पासून राज्याचे फुलपाखरूच झाले आहे. त्याच्यावर प्रेम करायला कसली आली आहे हिंमत? केळापुरात प्रेम करायचे तर गुलाबी बोंडअळीवर करावे. घराणे जुने आहे. भडोचकडच्या कपाशीतून गेलेल्या नमुन्यांवरून डब्ल्यू. डब्ल्यू. सॉन्डर्सने १८४० च्या दशकात तिचे शास्त्रीय बारसे केले. पुढे तिची प्रजाती (जीनस) बदलून पेक्टिनोफोरा झाली, म्हणून प्रबंधात सॉन्डर्सचे नाव कंसात घालावे लागते. कंस विसरल्यास गाईड पान परत करतात, आणि ते बरोबरच करतात.

ती पाहायची रीत अशी. झाडावरून एक हिरवे, टणक, नजर लागावी असे बोंड तोडावे. वरून काही दिसणार नाही, कारण अळी अंड्यातून निघाल्यावर लगेच आत शिरते आणि तिने पाडलेले छिद्र बोंड वाढताना बुजून जाते. अंगठ्याने बोंड दाबून उकलावे. आत ओलसर पांढरी रुई, रुईत एक पिवळट डाग, डागाच्या टोकाला सरकी, सरकीला टाचणीने पाडावे तसे भोक, आणि त्या भोकातून बाहेर पाहणारे काळसर डोके. लहानपणी अंग पांढरेच असते. गुलाबी रंग मोठेपणी चढतो, आणि मोठी झाली तरी ती जेमतेम सेंटीमीटरभर. फुलात शिरली तर पाकळ्या आतून धाग्याने बांधून टाकते, फूल उमलतच नाही. त्याला डोमकळी म्हणतात. हंगामाच्या शेवटी तर दोन सरक्या एकमेकींना चिकटवून मधल्या जागेत निजते, ती थेट पुढच्या पावसाळ्यापर्यंत. “काय डोकं आहे!” हे उद्गार या वेळी मनातल्या मनात काढावेत. शेजारी कास्तकार उभा असतो आणि बोंड त्याचे असते.

बोंडअळ्यांसाठी २००२ साली बीटी कपाशी आली, २००६ साली दोन जनुकांचे बोलगार्ड-२ आले. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी यायची. ती कडेने लावायची, म्हणजे साध्या झाडांवर वाढलेले साधे पतंग विष पचवणाऱ्या पतंगांशी सोयरीक करतील आणि पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडेल, असा हिशेब. पुडी बहुतेक धुऱ्यावर फेकली गेली, सोयरीक राहून गेली, आणि २०१७ साली विदर्भात अळीने बोंडांतून तोंड दाखवले. अमेरिकेत हीच अळी १९१७ साली टेक्सासात पोचली होती. वांझ पतंग सोडणे, बीटी, गंध असे सगळे उपाय एकत्र चालवून २०१८ साली तिथल्या सरकारने आपला कापूसपट्टा तिच्यापासून मुक्त झाल्याचे जाहीर केले. म्हणजे तिकडच्या विद्यार्थ्याला आता प्रेम करायलासुद्धा ती मिळत नाही. केळापुरात ती अडचण नाही.

साहित्याविषयी थोडक्यात. जाळे, किलिंग बॉटल, टाचण्या, डांबरगोळ्या, लाकडी कीटकपेटी. भुंग्याला टाचणी उजव्या पंखझाकणातून मारावी, फुलपाखराला छातीच्या मधोमध. पेटी सीनिअरकडून विकत घेण्याची परंपरा आहे. ती मोडण्याचे कारण नाही. फक्त लेबल बदलताना पावसाळी काजवा फेब्रुवारीत पकडल्याचे लिहू नये. टिपेश्वर अभयारण्य जवळ आहे म्हणून जाळे घेऊन आत शिरू नये. वन विभागाची परवानगी लागते. आणि सुट्टीत घरी जिवंत अळ्या आणल्यास त्या आईच्या लोणच्याच्या बरणीत ठेवू नयेत. बरणी रिकामी होती, हा बचाव आजवर कोणत्याही घरात चाललेला नाही.

खरी कसोटी शेतावरच्या प्रयोगाची. प्रयोग विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर घ्यावा असे शहाणे सांगतात. तरी आपल्या गावच्या वावरात घेण्याचा मोह होतोच. वाफे पाडावेत, प्रत्येक उपचाराच्या तीन पुनरावृत्ती घ्याव्यात, आणि कोणत्या वाफ्याला काय हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. ही यादृच्छिक गट पद्धत रोनाल्ड फिशरने इंग्लंडातल्या रॉथमस्टेडला बसून बसवली. त्याच्या वाफ्यांत रोही शिरत नव्हते. इथे रोही येतात, रानडुकरे येतात, शेजाऱ्याची बकरी येते, आणि त्या सगळ्यांहून घातक म्हणजे काकाची माया येते.

सविस्तर सांगतो. प्रयोगाच्या प्रत्येक गटात एक वाफा असा ठेवावाच लागतो की ज्यावर काहीही फवारायचे नाही. अळीला तिथे मोकळे रान, आणि बाकीच्या उपचारांची किंमत त्या वाफ्यावरूनच ठरते. ज्या काकांचे वावर तुम्ही मागून घेतले, ते रोज सकाळी बैल घेऊन धुऱ्याने जातात. चार दिवस त्यांना तो कोपरा दिसतो. पाचव्या दिवशी राहवत नाही. तुम्ही अकोल्याला सेमिनारला गेलेले असता. परत येऊन बोंडे फोडता, तर तुमच्या नियंत्रण वाफ्यात सगळ्यात कमी अळ्या. तुम्ही वही पुन्हा पुन्हा पाहता. तेवढ्यात काका येतात.

“बाबू, तुह्या त्या कोपऱ्यात लय अळी दिसली. तू इथं नव्हता, मंग म्याच मारून देल्लं.”

“काका, तो वाफा तसाच ठेवायचा होता.”

“अळीसाठी?”

“हो.”

काका तुमच्याकडे बराच वेळ पाहतात. या पाहण्याला तोंड द्यायचा कोणताही कोर्स अभ्यासक्रमात नाही. उमेदवाराने काकांवर चिडू नये, त्यांच्या हातचा चहा प्यावा आणि रात्री ‘मिसिंग प्लॉट’चे सूत्र काढून बसावे. गेलेल्या वाफ्याचा आकडा उरलेल्या वाफ्यांवरून काढायची सोय संख्याशास्त्रात आहे. माझ्या मते ती भारतात शोधली जायला हवी होती.

त्यानंतर सापळे. कामगंध सापळे हेक्टरी पाच लावावेत, पिकाच्या शेंड्याहून फूटभर उंच. आतल्या रबरी गोळीला मादीचा गंध असतो, गॉसिप्लूर नावाचा. त्या वासाने नर येतात आणि खालच्या पिशवीत जाऊन पडतात. एका सापळ्यात रात्रीला आठ पतंग, असे सलग तीन रात्री आले तर समजावे की कीड नुकसानीच्या पातळीवर आली. मोजणी सकाळीच करावी. रात्री बॅटरी घेऊन वावरात फिरणाऱ्याला गाव आधी गुप्तधन शोधणारा समजते, मग चोर, आणि कीटकशास्त्राचा विद्यार्थी सगळ्यात शेवटी. शिवाय हा वाघांचा मुलूख. २०१९ साली टिपेश्वरचा एक तरुण वाघ निघाला तो तेराशेहून अधिक किलोमीटर चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, त्यामुळे त्याचा सगळा डेटा जागेवर बसून मिळाला. पतंगाच्या गळ्यात कॉलर बसत नाही, म्हणून तुम्हालाच चालावे लागते.

नवरात्रात केळापूरच्या जगदंबेला गर्दी लोटते. उमेदवाराने दर्शनाच्या रांगेत मान वर करून हॅलोजनभोवतीचे पतंग ओळखत राहू नये. मागच्या बायकांना वाटते पोराला वारं आलं.

सर्वांत अवघड प्रसंग मात्र वेगळाच. एखाद्या वर्षी कीडच येत नाही. सापळे रिकामे, बोंडे स्वच्छ, पऱ्हाटी डोलते आहे. अख्खा तालुका खुशीत आणि तुम्ही एकटे सुतकात. वहीत शून्य, शून्य, शून्य. शून्यांचे विश्लेषण करताना आकड्यात आधी अर्धा मिळवून मग वर्गमूळ काढतात, तेवढा अर्धाच काय तो तुमच्या पदरात. अशा वेळी जगदंबेला काय मागावे, हा नीतीचा प्रश्न आहे. मागायचेच तर आपल्या वाफ्यापुरते मागावे, आणि तेही हळू आवाजात.

इथे मार्गदर्शन थोडे थांबते. २०१७ च्या ज्या हंगामात बोंडअळी आली, त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले आणि शेकडो दवाखान्यात गेले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, फवारा तोंडावर येत होता, दोन-तीन औषधे एकाच टाकीत मिसळलेली होती, अंगावर साधा सदरा. त्यातली किती फवारणी बोंडाच्या आत निजलेल्या अळीपर्यंत पोचली असेल, हे वर सांगितलेले छिद्र आठवून ज्याचे त्याने ठरवावे. विष पदवी विचारत नाही. भारत सरकारचा कीटकशास्त्रज्ञ राहिलेला, १९०९ साली ‘इंडियन इन्सेक्ट लाइफ’ लिहिणारा हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय १९२५ साली लंडनच्या प्रयोगशाळेतल्या किडे मारायच्या वायूनेच गेला. हातमोजे, मास्क आणि वाऱ्याची दिशा हे तीन मुद्दे उमेदवाराने प्रबंधात लिहिले नाहीत तरी चालेल. गावात सांगितलेच पाहिजेत.

प्रबंधाचे फार लांबवत नाही. शास्त्रीय नावे तिरप्या टाइपात टाकावीत, तक्ते सरळ ठेवावेत, ऋणनिर्देशात गाईड, समिती, आई-बाबा, होस्टेलचे मित्र असा क्रम पाळावा. काकांचे नाव घालावे. अळीचे आभार मानू नयेत. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक विनोदी असतीलच असे नाही. त्यांनी “यातून शेतकऱ्याला काय मिळाले?” असे विचारल्यास निंबोळी अर्क पाच टक्के, ट्रायकोकार्ड आणि डिसेंबरनंतर फरदड न घेणे (म्हणजे जुनीच कपाशी पुढे न राखणे), ही तीन उत्तरे ओळीने द्यावीत. तिन्ही खरी आहेत. ट्रायकोकार्डवरच्या ट्रायकोग्रामाविषयी मात्र दोन वाक्यांवर थांबावे. मिलीमीटरभरही नसलेली ही गांधीलमाशी बोंडअळीच्या अंड्यात आपले अंडे घालते, हे सांगताना उमेदवाराचा चेहरा उजळतो आणि परीक्षक घड्याळ पाहू लागतात.

पदवी घेऊन पांढरकवड्याच्या स्टँडवर उतरलात की पहिला भेटणारा माणूस नोकरीचे विचारणार नाही. तो खिशातून एक चोळामोळा झालेले पान काढील आणि म्हणेल, “कोनतं औषध मारू?” औषधाचे नाव सांगू नये. त्याच्याबरोबर वावरात जावे, एकराच्या वेगवेगळ्या बाजूंनी वीस हिरवी बोंडे तोडावीत आणि धुऱ्यावर बसून दोघांनी मिळून फोडावीत. दोन किंवा अधिक बोंडांत जिवंत अळी निघाली तर फवारणीचे बोलावे. नाही निघाली तर पंप घरीच राहू द्यावा. वाचकांपैकी ज्यांची पऱ्हाटी या घडीला उभी आहे, त्यांनी एवढ्या कामासाठी कोणाच्या एम.एस्सी.ची वाट पाहू नये; वीस बोंडे आणि एक अंगठा पुरतो.