उरलेला कोन

भूमितीच्या पुस्तकातल्या बहुभुजाकृतींना एक जन्मजात खोड असते. सगळे कोन नीट लिहिलेले आणि एका कोपऱ्यात क्ष. हा क्ष कसा हरवला, याची चौकशी होत नाही, फक्त त्याची किंमत काढायची. खाली बारीक अक्षरात तंबीही असते की आकृती प्रमाणबद्ध नाही. म्हणजे कंपासपेटी उघडून कोनमापक लावायची वाटही बंद. कोन समोर दिसतोय, साधन हाताशी आहे आणि तरी हात लावायचा नाही, असं सोवळं आजीच्या स्वयंपाकघरानंतर मी भूमितीतच पाहिलं.

आठवीतली भाची सुट्टीत आली तेव्हा असाच एक पंचकोन घेऊन आली. चार कोन 100, 110, 120 आणि 95 अंशांचे, पाचवा गायब. सूत्र तिला पाठ होतं: भुजांच्या संख्येतून दोन वजा करा, 180 ने गुणा. तीन गुणिले 180 म्हणजे 540, त्यातून 425 गेले, उरले 115. उत्तर आलं, पण ती हलेना.

"मामा, कोपरे पाच, मग त्रिकोण तीनच का? दोन कुठे गेले?"

प्रश्न रास्त होता. एका कोपऱ्यात उभं राहून बाकीच्यांकडे कर्ण काढायचे म्हटलं, तर स्वतःकडे काढता येत नाही आणि दोन्ही शेजाऱ्यांकडे आधीच भिंत आहे. उरलेल्या दोघांकडे दोन कर्ण, त्यांनी पाडलेले तीन त्रिकोण. तिला हे पटलं, पण आवडलं नाही. तिने पंचकोनाच्या मधोमध टिंब दिलं, तिथून पाचही कोपऱ्यांना रेषा नेल्या आणि पाच त्रिकोण करून दाखवले. "हे बघ, 900!" आता त्या टिंबाभोवती जे कोन जमले ते पंचकोनाचे नव्हेत, त्यांची बेरीज 360. ती वजा केली की पुन्हा 540. दोन त्रिकोण हरवले नव्हते, टिंबाभोवती गोळा झाले होते. सूत्रातल्या त्या 'वजा दोन'चा मुक्काम इथे असतो, हे पुस्तकाने सांगायला काय हरकत होती?

माझं मत विचाराल तर पुस्तकं चुकीच्या बाजूने सुरुवात करतात. आंतरकोनांची बेरीज दर कोपऱ्यागणिक 180 ने फुगत जाते. बाह्यकोनांचं तसं नाही. आकृती बहिर्वक्र असेल, तर भुजा तीन असोत नाहीतर तीनशे, बेरीज 360. घरात जुन्या नाण्यांचा डबा आहे, तो तिच्यापुढे पालथा केला. 1964 मधलं तीन पैशांचं आणि 1982 पासूनचं वीस पैशांचं ॲल्युमिनियमचं, दोन्ही षटकोनी: 360 भागिले 6, बाह्यकोन 60, म्हणून आतला 120. अशी तीन नाणी एका बिंदूभोवती फट न ठेवता बसतात. नवं वीस रुपयांचं बारा बाजूंचं: बाहेर 30, आत 150. आणि 1992 मध्ये आलेलं दोन रुपयांचं, त्याला अकरा बाजू! 360 ला 11 ने भागा, येतात 32 पूर्णांक 8 छेद 11. आतला कोन 147 पूर्णांक 3 छेद 11. टांकसाळीत कोणाला ही हौस सुचली असेल? बारा केल्या असत्या तर पोरांची भागाकारातून सुटका झाली असती.

पण 360 च का? यासाठी देवळात जावं. देवाला उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालताना प्रत्येक कोपऱ्याशी आपण उजवीकडे वळतो. जेवढं वळतो तेवढा बाह्यकोन. ज्या दिशेला तोंड करून निघालो, त्याच दिशेला तोंड करून परत आलो की वळणांची बेरीज एक पूर्ण फेरा. (शंकराची सोमसूत्री प्रदक्षिणा यात धरलेली नाही. तिथे वाटेतून मागे फिरायचं असतं.) लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचा आराखडा ओबडधोबड चांदणीसारखा आहे. त्याच्या भिंतीला धरून चाललं तर मध्येच डावीकडेही वळावं लागतं. डावी वळणं वजा धरा. बेरीज तरीही 360.

हीच प्रदक्षिणा सिमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये अमेरिकेत मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केल्यावर तिच्यातल्या कासवाच्या वाट्याला आली. आपल्याकडे सभामंडपातलं कासव शतकानुशतकं जागचं हललेलं नाही. हे मात्र चालतं. पन्नास पावलं पुढे, 72 अंश उजवीकडे, असं पाच वेळा सांगितलं की पंचकोन काढून घरी येतं. पाठांतरवाला विद्यार्थी मोठ्या विश्वासाने 108 अंश सांगतो, कारण पंचकोनाचा कोन 108 असं त्याने घोकलेलं असतं. कासव मग पाच भुजा काढूनही घरी पोचत नाही. आतला कोन त्याच्या गावीच नसतो, त्याला फक्त वळणं कळतात.

भाचीने हे ऐकून घेतलं आणि कागदावर पेन्सिल न उचलता पाच टोकांची चांदणी काढली, आपण लहानपणी काढायचो तशी. "हिची बेरीज?" टोकाशी कोन 36, म्हणजे वळण 144. पाच वेळा 144. दोघांनी दोनदा गुणाकार केला, 720 च येत होते. चांदणीची नुसती कड धरून चाललं तर 360, पण रेषा एकमेकींना छेदत गेलं की 720. एका चांदणीत दोन पूर्ण फेरे!

तिने व्यवहार ताबडतोब ओळखला. "मग आजीने अकरा प्रदक्षिणा कशाला घालायच्या? साडेपाच चांदण्या काढायच्या."

त्यातली प्रत्येक रेषा गाभाऱ्यातून जाईल आणि गुरव ते चालवून घेणार नाही, हे सांगेपर्यंत ती आजीकडे पोचलीही होती.