वकील निवडीचे फोंडाघाटी शास्त्र

कोकणात जमिनीच्या गुंठ्यांपेक्षा वारसांची नावे अधिक भरतात. त्यामुळे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कणकवली तालुक्यातील फोंडाघाटसारख्या गावात वकील शोधण्याची वेळ बहुधा सामाईक सातबाऱ्यामुळे, म्हणजे जमिनीचे कब्जेदार आणि पीक दाखवणाऱ्या महसुली उताऱ्यामुळे येते, आणि गणपतीला एका पंगतीत जेवलेले भाऊबंद विसर्जन होताच वाटपाचा विषय काढतात.

1961 च्या अधिवक्ता अधिनियमाखालील बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही, पाटीवर ‘जमिनीच्या दाव्यांत निष्णात’ असेही लिहिता येत नाही. परिणामी कोण कशात निष्णात, ही माहिती पुरवण्याचे काम बाजारातल्या चहाच्या टपरीने सनदेविना अंगावर घेतले आहे. “तेचो आवाज भायर रस्त्यार आयकाक येता,” हे तेथील सर्वोच्च प्रमाणपत्र होय.

ज्या वकिलाने एका पक्षकाराला सल्ला दिला, त्याला त्याच प्रकरणात विरुद्ध बाजूचे वकीलपत्र, म्हणजे कोर्टात उभे राहण्याचा लेखी अधिकार, घेता येत नाही. हा नियम ज्या चुलतभावाला आधी कळतो, तो कणकवलीतील एकेका वकिलाचा सल्ला घेत सुटतो आणि दुसऱ्याला जिल्ह्याच्या ठिकाणची, ओरोसची, एसटी पकडायला लावतो. “जिंकलो तर आंब्याची चार कलमा तुमची” हा उदार प्रस्तावही फुकट जातो, कारण निकालावर अवलंबून असलेली फी नियमांना मंजूर नाही. मुंबईकर चाकरमान्याची “हायकोर्टात बघून घेईन” ही धमकीदेखील 18 ऑगस्ट 2025 रोजी कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून उतरणीला लागली आहे, कारण सिंधुदुर्गाचे हायकोर्ट आता घाट चढून गाठता येते.

वस्तुतः योग्य वकील तोच, जो तोंड उघडण्यापूर्वी फेरफार, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदी, आणि कुळाची नोंद मागतो, फी आधी सांगून तिची पावती देतो, आणि पक्षकार स्त्री असल्यास 1987 च्या विधी सेवा कायद्याने तिला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो हेही स्वतःच्या पोटावर पाय देऊन सांगतो. सर्व हिस्सेदार राजी असतील, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडूनच वाटप होऊ शकते, तेव्हा दावा लावूच नका, असेही तो सुचवतो, आणि नेमक्या याच सल्ल्यावरून टपरी त्याच्याविषयी अंतिम निकाल देते, “तेका कायदो येना नाय.”