फिनिशिंग बाकी आहे

सोलापुरातल्या प्रत्येक पेठेत एक अण्णा असतात. निवृत्त, शिवजयंतीच्या मिरवणुकीत फेटा बांधून सगळ्यांच्या पुढे, आणि भुईकोट किल्ल्यात सोबत आलेल्याला थेट 1818च्या मे महिन्यात नेऊन सोडणारे. ब्रिटिश सेनानी मन्रोच्या फौजेनं किल्ला कसा घेतला, हे ते अशा तपशिलानं सांगतात की ऐकणारा सरबताची गाडी शोधू लागतो.

असे अण्णा एके दिवशी बंदूक करायला घेतात. चकमकीची, ठासणीची. अमेरिकेत तिचे सुटे भाग खोक्यातून घरपोच येतात म्हणे. इथे 1959चा शस्त्र कायदा आहे, म्हणून अण्णांची बंदूक नुसती दाखवायची. ‘‘नळीला कानच पाडलेला नाही, ठिणगी आत जाणार कुठून?’’ हा खुलासा ते कुणी न विचारता करतात. मोडीत निघालेल्या हातमागाच्या सागवानाचा दस्ता, भंगारातल्या लोखंडी पाइपाची नळी, पितळी पट्टीचा चाप. जोडणी आठवड्यात उरकते. मग फिनिशिंग सुरू होतं आणि ते संपत नाही.

आधी 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120, मग 220. आता झालं, असं आपल्याला वाटतं तोच अण्णा दस्त्यावर ओलं फडकं फिरवतात. वाळलं की लाकडाची लव पुन्हा उभी राहते. आपला अंगठा धरून ते तिच्यावरून उलटा फिरवतात. ‘‘लागलं का?’’ आपल्याला काहीच लागत नाही, पण ‘‘नाही’’ म्हटलं की व्याख्यान वाढतं. पुढे जवसाच्या तेलाचे हात. थेंबभर तेल तळव्यावर घ्यायचं आणि लाकूड कोमट होईपर्यंत चोळायचं. आतून काकूंचा आवाज येतो, ‘‘माझ्या गुडघ्यांचंही फिनिशिंग राहिलंय म्हणावं!’’

नळीची तर वेगळीच तऱ्हा. खिडकीच्या गजांना गंज लागू नये म्हणून अण्णा दरवर्षी रंग देतात आणि नळीला गंज चढावा म्हणून मिठाचं पाणी लावतात. गंज चढवायचा, घासायचा, परत चढवायचा; असं करत करत तपकिरी झाक येते. त्याला दमट हवा लागते आणि सोलापूरची हवा पापड वाळवणारी! म्हणून नळी न्हाणीघरात टांगलेली. त्यात नळाला पाणी येणार काही दिवसांआड, म्हणजे गंजाची प्रगतीही महापालिकेच्या वेळापत्रकानुसार. पाहुण्यांनाही बजावलं जातं, ‘‘अंघोळ कढत पाण्यानं करा, आणि जरा निवांत करा.’’

‘‘काय करलालाव अण्णा?’’ असं गल्लीतली पोरं विचारतात.

‘‘फिनिशिंग.’’

मिरवणुका येतात आणि जातात. बंदूक बाहेर पडत नाही, कारण चापाजवळ एक ओरखडा राहिलेला असतो. तो फक्त अण्णांना दिसतो.

मग निवडणूक लागते. आचारसंहितेत परवानाधारकांना शस्त्रं चौकीत जमा करायला सांगतात. अण्णांना परवाना नाही, सांगावाही नाही. पण आपल्याला कुणी विचारू नये, हे त्यांच्या मनाला लागतं. दस्ता, नळी, चाप सोलापुरी चादरीत गुंडाळून ते स्वतःच चौकी गाठतात. हवालदार चादर उघडतो, नळीत डोकावतो, दस्त्यावरून बोट फिरवतो. ‘‘अण्णा, अजून खरबरीत आहे की! पुरी झाली की आणा.’’

अण्णा घरी येतात ते उड्या मारतच.

‘‘घेतली का जमा करून?’’ काकू आशेनं विचारतात.

‘‘छे! सरकारनं मुदतवाढ दिलीय.’’