सहा पुरे की सातवा चालू?

"काय गो, उष्टावणाचं ठरलं की अजून तुमच्या घरात परिषदच भरलीय?"

मिरजोळ्यात पावसाने जरा उघडीप दिली की गडग्यावर आधी गोधड्या वाळत पडतात आणि पाठोपाठ बातम्या. पलीकडून काकूंचं डोकं वर आलं.

"कसलं ठरतंय, काकू! सासूबाई म्हणतात, मुलगी आहे, विषम महिना हवा. पाचवा हुकला, आता सातवा धरा. डॉक्टर म्हणतात, सहा महिने पुरे होऊ देत. आणि हे एमआयडीसीतून रात्रपाळी करून येतात, ते म्हणतात, दोघांचं ऐका पण मला झोपू द्या."

"अगो, मग भांडण कुठे आहे? सहा पुरे झाले की सातवा लागतोच. सासू चालू महिना मोजते, डॉक्टर भरलेला. मुलींचं आपोआप जुळतं. पंचाईत मुलग्यांची, त्यांना सम महिना. माझ्या पुतण्याचं सहाव्यात उरकलं, तेव्हा पाच जेमतेम भरलेले. बसवला की कलंडायचा, चमचा जिभेने बाहेर ढकलायचा. आम्ही म्हटलं, खीर आवडली नाही वाटतं."

"आशाताई तेच बघून गेल्या. मान नीट धरते का, आधाराने बसते का, घास जिभेने बाहेर ढकलते का, आपल्या जेवणाकडे बघते का."

"मग बघते?"

"बघते कसली! काल आजोबांच्या वरणात पंजाच घातला."

"पण आमच्या वेळी चौथ्यातच पेज पाजायचे हो."

"तेव्हा चार ते सहा महिने असंच सांगत. २००१पासून जागतिक आरोग्य संघटना पूर्ण सहा सांगते. तोवर नुसतं अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नको. पण सहानंतर रेंगाळायचंही नाही. पोटात असताना मिळालेलं लोह तोवर संपत येतं आणि दुधात ते अगदी थोडं."

"म्हणजे वरच्या वाडीतलीचं चुकलंच म्हणायचं. चौथ्यातच चहात बिस्कीट बुडवून देत होती."

"काकू, हळू! ती विहिरीवर आहे."

"असू दे. तिला तोंडावर सांगितलंय मी. चहा प्यायला की अन्नातलं लोहही नीट अंगी लागत नाही. बरं, तुमची मावशी मधाची बाटली घेऊन येईल, तिला आधीच आवर."

"आवरलंय. वर्षाच्या आत मध नाही. त्यात कधीकधी जंतू असतात, ते आपल्याला बाधत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात विष तयार करतात. काकू, पहिला घास पेजेचाच ना?"

"पेज नको गो. इवलंसं पोट, ते पाण्यानेच भरायचं. गुरगुट्या भात कर, वरण घालून हाताने चांगला मोड, वर तूप. चमचा तिरका केला तरी ओघळू नये इतका दाट. पहिल्यांदा दोन-तीन चमचे खाल्लेन तरी पुष्कळ. मीठ नको, साखर नको. मेतकुटाची घाई नको. नाचणी मी देते, मोड आणून वाळवलेली. मोड आणले की तिच्यातलं लोह जास्त अंगी लागतं आणि शिजवताना गोळाही होत नाही."

"आणि मासळी? सासूबाई म्हणतात वर्षानंतर."

"का म्हणून?"

"तेच मी म्हटलं. अंडं, काटे नीट काढलेली मासळी सहानंतर चालते. लंडनमध्ये अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या ६४० बाळांवर अभ्यास झाला, २०१५ साली छापून आला. ज्यांना लहानपणीच दाण्याचे पदार्थ दिले, त्यांच्यात दाण्याची अ‍ॅलर्जी कितीतरी कमी निघाली. अख्खा दाणा मात्र नाही, घशात अडकतो."

"मासळीचं गणपतीनंतरच बघा. श्रावणात तुमच्याकडे चूल शाकाहारी. आणि डब्यातलं काही आणणार आहात की नाही? टीव्हीवर कधी दिसत नाही ते."

"दिसणार कसं? दोन वर्षांच्या आतल्या बाळांच्या खाण्याची जाहिरात करायला बंदी आहे. १९९२चा कायदा, २००३मध्ये आणखी कडक केला. शिवाय सहा महिन्यांनंतर अंगणवाडीतूनही आहार मिळतो. ते राहू दे, खरं घोडं मामापाशी अडलंय. हिचा जन्म माघी पौर्णिमेचा, नारळी पौर्णिमेला सहा भरतात. पण भावाला मुंबईहून सुट्टी गणपतीतच. राखी पोस्टाने जाणार. आणि सासूबाईंचं म्हणणं, मामाच्या हातची खीर लागेपर्यंत अन्नाचा कण नको."

"पौर्णिमेपासून चतुर्थीपर्यंत जवळजवळ एकोणीस दिवस गो! पोरीने का उपाशी डोळ्यांनी ताटं बघायची? तिथीने सहा महिने म्हणजे १७७ दिवस. डॉक्टरांचे १८० हवेत तर पौर्णिमेनंतर तीन दिवस थांब आणि भात सुरू कर. गणपतीत मामा येईल, चांदीच्या वाटीतली खीर चाटवेल."

"आधीच जेवणाऱ्या पोरीचं उष्टावण?"

"त्यात काय? बारशाआधी बारा दिवस तिला चिमणी-चिमणी म्हणत होतातच ना? म्हणून बारसं रद्द केलंत? आणि खीर चाटवून फोटो काढले की झालं, असं नव्हे. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, रोज दोन-तीनदा वाटी पुढे यायला हवी. दूध चालूच ठेवायचं, चांगली दोन वर्षांची होईपर्यंत. हे सासूला कसं सांगायचं, ते मात्र तू बघ."

आतून भांड्यांचा आवाज थांबला.

"मी ऐकत्येय हो सगळं!" सासूबाई पडवीतून म्हणाल्या. "पौर्णिमा होऊन तीन दिवस ना? चालेल. आता नाचणी किती देणार तेवढं बोला. पायली, की आपली शेजाऱ्यांपुरती वाटीभर?"