तोंडावर आपटलेलं बदक

ऑस्ट्रेलियातले व्यंगचित्रकार बेन वॉर्ड यांनी जून २०१६ मध्ये ट्विटरवर एक बदक सोडलं. गोजिरवाणं, मिल्कशेक पिणारं. अख्खं इंटरनेट त्याच्यावर लट्टू. पाचच सेकंदांत दिलगिरीचं निवेदन: कळवण्यास खेद होतो की, बदक वर्णद्वेषी निघालं! विनोद एवढाच.

बदक काल्पनिक असलं तरी खरी गिऱ्हाइकं रांगेत उभीच होती. त्याच ऑक्टोबरात ट्रम्प-क्लिंटन वादसभेत केन बोन नावाचे एक गुबगुबीत गृहस्थ लाल स्वेटर घालून ऊर्जा धोरणावर प्रश्न विचारायला उठले. अमेरिकेने त्यांना रातोरात डोक्यावर घेतलं. मग कुणीतरी त्यांच्या रेडिटवरच्या जुन्या कॉमेंटी उकरल्या आणि आठवडाभरात डोक्यावरून उतरवलंही. अशांना नाव मिळालं 'मिल्कशेक डक'.

आपल्याकडे 'वरून कीर्तन, आतून तमाशा' म्हणायची सोय पूर्वापार आहे. पण आपल्या बुवांचा तमाशा उघडा पडायला दोन-तीन पिढ्या भक्तांचं सहकार्य लागतं. पाच सेकंदांचा हिशेब मात्र ऑस्ट्रेलियाचा.

तोंडावर आपटण्यात त्या देशाचा अनुभवही दांडगा. 'सेल्फी' या शब्दाची पहिली ज्ञात नोंद तिथलीच, २००२ ची. मित्राच्या एकविसाव्या वाढदिवसाला दारू पिऊन एक तरुण पायऱ्यांवर अक्षरशः तोंडावर आपटला. फाटलेल्या ओठाचा फोटो त्याने इंटरनेटवर टाकला आणि माफी मागितली. दारूबद्दल नव्हे, फोटो धूसर आल्याबद्दल, कारण ती 'सेल्फी' होती. (बार्बेक्यूला 'बार्बी' आणि डासाला 'मॉझी' म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या थोबाडालाही लाडाने हाक मारली, तर नवल काय?)

ऑस्ट्रेलियन इंग्रजीचा अधिकृत मानला जाणारा मॅक्वारी शब्दकोश १९८१ पासून निघतो. त्याने जानेवारी २०१८ मध्ये 'मिल्कशेक डक'ला २०१७ चा शब्द म्हणून गादीवर बसवलं. आदल्या वर्षीचा मानकरी होता 'फेक न्यूज'.

योगायोग पाहा. त्याच जानेवारीत ट्रम्प यांच्या व्हाइट हाउसवरचं मायकेल वुल्फ यांचं पुस्तक गाजत होतं. वॉर्ड यांनी त्यातला म्हणून एक बनावट उतारा टाकला: ट्रम्प यांच्यासाठी कर्मचाऱ्यांनी खास गोरिलांची वाहिनी तयार केली असून साहेब पडद्यापासून चार इंचांवर गुडघे टेकून कधीकधी सलग १७ तास ती बघतात. भल्याभल्यांनी तो खरा मानला. शेवटी बदकाच्या जन्मदात्यालाच ट्विटरवरचं आपलं नाव बदलून 'गोरिला वाहिनीचा तो विनोद होता' अशी पाटी लावावी लागली.