फेब्रुवारीचे राजे

डिसेंबर लागला की आमच्या काकूंच्या तोंडी बॉस्टनचं नाव येतं. ऐकणाऱ्याला वाटावं, कुणी भाचा-पुतण्या तिकडे असेल. तसं काही नाही. बॉस्टन विद्यापीठात छताखालचा दोनशे मीटरचा ट्रॅक आहे आणि थंडीत पळणारी मंडळी हंगामाचा श्रीगणेशा करायला तिथे जमतात, एवढाच काकूंचा बॉस्टनशी संबंध. स्वतः त्या कॉलेजात आठशे मीटर पळायच्या. आता गुडघे बोलतात, पण जगभरातल्या धावपटूंची खबरबात त्यांच्याकडे अशी की सगळे आमच्याच कॉलनीत भाड्याने राहतात.

परवा मधल्या भिंतीवर परात ठेवून त्या मेथी निवडत होत्या. मी इकडे कपडे वाळत घालत होते. म्हटलं, "काय काकू, यंदा कोण?"

"आत्ताच काय विचारतेस? २०२५च्या फेब्रुवारीत विचारलं असतंस तर अख्ख्या दुनियेनं दोन नावं छातीठोकपणे सांगितली असती. दोन्ही फुसकी निघाली."

"एक तो नॉर्वेचा ना?"

"याकोब इंगेब्रिग्त्सेन. आणि दुसरा अमेरिकेचा यारेद नुगुसे. आईवडील इथिओपियाचे, हा वाढला केंटकीत. गुणी पोरगा आहे. पॅरिस ऑलिंपिकात पंधराशेचं ब्राँझ मिळवलंन्. आणि पाळलंय काय घरी, सांग बघू? कासव!"

"काहीतरीच."

"अगं खरंच. टायरो नाव त्याचं. तर ८ फेब्रुवारीला न्यूयॉर्कात मिलरोज गेम्स होते. तिथे ह्यानं इनडोअर मैल मारला ३ मिनिटं ४६.६३ सेकंदांत. विश्वविक्रम! आधीचा इथिओपियाच्या केजेल्चाचा होता, २०१९चा. सहा वर्षं टिकलेला. आणि नुगुसेचा किती टिकला माहितीये? पाच दिवस. १३ तारखेला फ्रान्समध्ये लिएव्हँ म्हणून गाव आहे, तिथे याकोब उतरला आणि ३:४५.१४. जवळजवळ दीड सेकंद काढला त्यानं. वर मैलाच्या वाटेत पंधराशेची खूण लागते ना, ती ओलांडली ३:२९.६३ला. म्हणजे पंधराशेचाही विक्रम. एका तिकिटात दोन खेळ."

मी म्हटलं, एवढं पळतोय तर तोच जगज्जेता होणार, यात चुकीचं काय?

काकूंनी हातातली काडी परातीबाहेर टाकली. "तीच तर गंमत आहे. लिएव्हँला तू शर्यत बघ. पुढे पेसर, म्हणजे वेग धरून देणारा भाड्याचा माणूस. ट्रॅकच्या कडेला दिवे पळतात, विक्रमाच्या वेगानं. दिव्याच्या पुढे राहायचं, बस्स. वर छत, म्हणून वारा नाही. ही कुस्ती घड्याळाशी. जागतिक स्पर्धेत पेसर नाही, दिवे नाहीत. आधी प्राथमिक फेरी, मग उपांत्य, मग अंतिम. बारा-चौदा जण घोळक्यात, कोपरं लागतायत, पाय अडकतायत, पहिले आठशे मीटर कुणीच जोर लावत नाही. शेवटच्या तीनशेत जो मोकळा सापडेल त्याचं फावतं. फेब्रुवारीचा टाइम एवढंच सांगतो की गड्यानं हिवाळ्यात मेहनत केलीय. सप्टेंबरला कोण उभा राहील, ते नाही सांगत."

"सप्टेंबर का?"

"२०२५ला टोकियोची जागतिक स्पर्धाच सप्टेंबरात होती, १३ ते २१. एरवी ऑगस्टात आटोपतं. म्हणजे फेब्रुवारीत जो तापला त्यानं सात महिने तापलेलं राहायचं. माणूस आहे की गिझर?"

तेवढ्यात आतून कुकरची शिट्टी झाली. काकूंनी तिकडे पाहिलंही नाही. खरी बातमी पुढेच होती.

"याकोबचं पुढे ऐक. मार्चमध्ये युरोपियन इनडोअरला पंधराशे आणि तीन हजार, दोन्ही सुवर्णं. दोन आठवड्यांनी चीनमध्ये नानजिंगला जागतिक इनडोअर, तिथेही दोन्ही. आणि ते आटोपून परत आला तो थेट कोर्टात! बापाविरुद्ध."

हे मला अर्धवट माहीत होतं. बाप म्हणजे यर्ट इंगेब्रिग्त्सेन. हेन्रिक, फिलिप, याकोब तिन्ही मुलांना त्यानंच घडवलं. घरावर टीव्हीची मालिका निघाली होती. मग मुलांनीच वडिलांवर मारहाणीचे, धाकदपटशाचे आरोप केले.

"निकाल जूनमध्ये लागला," काकू म्हणाल्या. "याकोबच्या बाबतीतल्या आरोपांतून बाप सुटला. धाकट्या मुलीला टॉवेलनं मारल्याच्या एका गोष्टीत दोषी ठरला, पंधरा दिवसांची स्थगित शिक्षा. आपण कोण बोलणार? ज्याचं जळतं त्याला कळतं. पण मला सांग, असं मनात घेऊन पळवेल का कुणाला? त्यात अकिलीसनं दगा दिला, टाचेची शीर ती. उन्हाळाभर हा एकाही शर्यतीत नाही. टोकियोला उतरला आणि पंधराशेच्या पहिल्याच फेरीत घरी. पाच हजारात दहावा."

"आणि कासववाला?"

"त्याचं तर फारच जिवाला लागलं बाई. जुलैत युजीनला मैल होता. सरळ रेषेत हा पुढे, आणि शेवटच्या पावलाला नेदरलँडचा लारोस, निएल्स लारोस, वीस वर्षांचा, त्यानं अंग झोकून दिलं. ३:४५.९४ आणि ३:४५.९५. एक शतांश! मग ऑगस्टच्या सुरुवातीला अमेरिकेची निवड. पहिले तीन टोकियोला जाणार. हा त्या तिघांत नाही. फेब्रुवारीतला विश्वविक्रमवीर सप्टेंबरात घरी बसून टीव्ही बघत होता, आपल्यासारखा."

मग जिंकला कोण, तर पोर्तुगालचा इझाक नादेर. काकूंना तो आधीपासून आवडतो असं नाही, पण त्याचा हिशेब त्यांनी लावून ठेवलाय. मार्चमधल्या त्या युरोपियन इनडोअरला पंधराशेत हा तिसरा होता, याकोबच्या मागे. कुणी त्याचा फोटोही नीट छापला नसेल. टोकियोच्या अंतिम शर्यतीत शेवटच्या शंभरात बाहेरून आला आणि ब्रिटनच्या जेक वाइटमनला दोन शतांशांनी मागे टाकलं. ३:३४.१०. काकू म्हणतात, ही वेळ लक्षात ठेव. याकोब फेब्रुवारीत मैल पळताना जाता जाता पंधराशेची खूण ज्या वेळात ओलांडून गेला, त्याहून साडेचार सेकंद हळू पळून हा जगज्जेता झाला. त्याच शर्यतीत आधीचा विजेता जॉश कर पोटरी धरून लंगडत सगळ्यांच्या शेवटी आला. याकोबही नाही, नुगुसेही नाही, अमेरिकेचा हॉकर उपांत्य फेरीत बाद ठरवलेला. (तो हॉकर नंतर पाच हजार जिंकला. चिडून जिंकला, असं काकूंचं मत.)

"बायकांत काय झालं?" मी विचारलं. खरं तर मला कीली हॉजकिन्सनबद्दल ऐकायचं होतं, कारण तिचे केस मला आवडतात.

"अगं तिची तर जत्राच झाली! फेब्रुवारीत बर्मिंगहॅमला तिच्या नावानं मेळावा, 'कीली क्लासिक'. तिकिटं विकली, आठशेच्या इनडोअर विक्रमावर चढाई करणार म्हणून गाजावाजा. तो विक्रम होता स्लोव्हेनियाच्या चेप्लाकचा, १:५५.८२, ३ मार्च २००२चा. आणि कीलीचा जन्म कधीचा? ३ मार्च २००२! एवढा योग जुळून आलेला. आणि आयत्या वेळी मांडीमागचा स्नायू गेला. घरचं कार्य आणि यजमानीण खुर्चीवर. कप्पाळ! उगवली ती थेट ऑगस्टात, पोलंडला १:५४.७४. वर्षभर शर्यत नाही आणि पहिल्याच शर्यतीत ही वेळ. लोक म्हणाले, झालं, टोकियोचं सुवर्ण हिचंच."

"नाही मिळालं?"

"ब्राँझ. केनियाची लिलियन ओदिरा जिंकली, १:५४.६२. दोन मुलांची आई. स्पर्धेचा विक्रम होता १९८३चा, चेकोस्लोव्हाकियाच्या क्रातोख्विलोव्हाचा, तोही गेला. दुसरी कीलीचीच सरावातली मैत्रीण जॉर्जिया हंटर बेल, कीलीच्या एक शतांश पुढे. दोघी एकाच कोचकडे! त्या संध्याकाळी जेवायला एका टेबलावर बसल्या असतील का गं?"

यावर आम्ही बराच वेळ घालवला. माझं म्हणणं, बसल्या असतील. काकूंचं म्हणणं, बसल्या असतील पण मीठ मागितलं नसेल.

अपवाद एकच सांगितला काकूंनी, केनियाचा इमॅन्युएल वान्योनी. लहानपणी गुरं राखायचा, शाळा सुटलेली. पॅरिसला विसाव्या वर्षी आठशेचं सुवर्ण. २०२५च्या एप्रिलमध्ये किंग्स्टनला ग्रँड स्लॅम ट्रॅक म्हणून नवी स्पर्धा निघाली, तिथे हा आठशेवाला पंधराशेत उतरला आणि हॉकर, कर, नुगुसे सगळ्यांना मागे टाकलं. विजेत्याला एक लाख डॉलर जाहीर झालेले. स्पर्धेचं पुढे दिवाळं वाजलं, लॉस एंजेलिसची फेरी रद्द झाली, खेळाडूंचे पैसे महिनोन्‌महिने अडकले. पण वान्योनीचा फॉर्म काही अडकला नाही. टोकियोलाही सुवर्ण, १:४१.८६. "एप्रिल ते सप्टेंबर सरळ रेघ. असा लाखात एक."

मग आमच्या भिंतीला तिसरा कान फुटला. पलीकडचे अण्णा. रिटायर्ड मास्तर, नातू तालुक्याच्या आठशेत पहिला आल्यापासून त्यांना ऑलिंपिकची स्वप्नं पडतात. त्यांनी तिथूनच आवाज दिला, "अहो, तो सोळा वर्षांचा अमेरिकन पोरगा पाहिलात का?"

"कूपर लुटकेनहाउस," काकू भिंतीकडे न बघता म्हणाल्या. "टेक्सासचा. शाळेत आहे. जूनमध्ये त्याची सर्वोत्तम वेळ १:४५.४५ होती. ऑगस्टात राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या वळणावर मागून आला आणि १:४२.२७. तीन सेकंद एका दमात! ब्रेझियरच्या मागे दुसरा. अठरा वर्षांखालच्या जगातल्या कुणीही असं पळलेलं नाही. पुढचं सांगा अण्णा. टोकियोला काय झालं?"

अण्णा गप्प.

"पहिल्याच फेरीत बाहेर. आणि त्यात त्याची चूक नाही हो. सोळा वर्षांचं पोर ते, शाळेचा हंगाम मार्चपासून पळतंय. सप्टेंबरपर्यंत पायात राहील काय? पण आपल्याला धीर कुठे. साखरपुड्याच्या दिवशीच बारशाची आमंत्रणं छापतो आपण."

न्यूझीलंडच्या सॅम रूथबद्दल मात्र काकू मऊ बोलतात, आणि त्याचं कारण आजी. २०२५च्या मार्चमध्ये ऑकलंडला हा पंधरा वर्षांचा मुलगा ३:५८.३५मध्ये मैल पळला. पंधराव्या वर्षी चार मिनिटांच्या आत मैल, असा जगातला पहिला. त्याला वेग धरून दिला तो त्याच्याच कोचकडच्या सॅम टॅनरनं, जो स्वतः ऑलिंपियन. आणि आजी रोझमेरी, १९७०च्या एडिनबरा राष्ट्रकुल स्पर्धेत स्कॉटलंडकडून आठशेचं सुवर्ण जिंकलेली. आजोबा ट्रेव्हर राइट १९७१चे युरोपियन मॅरेथॉनचे रौप्यवाले. "रविवारी जेवणाच्या टेबलावर त्या घरात काय बोलत असतील, विचार कर," काकू म्हणाल्या. "आमच्या घरी आठशे म्हटलं की लोक विजेचं बिल समजतात."

केनियाचा फॅन्युएल कोएच अठराव्या वर्षी जूनमध्ये पॅरिसला पंधराशे ३:२७.७२मध्ये पळला आणि दुसरा आला. वीस वर्षांखालचा विश्वविक्रम करून दुसरा! पहिला फ्रान्सचा हाब्झ. ऑस्ट्रेलियाचा कॅमेरॉन मायर्स अठराचा असताना नुगुसेच्या त्याच न्यूयॉर्कच्या शर्यतीत ३:४७.४८ पळून तिसरा. ही पोरं वाढतायत भराभरा, यात शंका नाही. बूट सुधारले, त्यांतला फोम उसळी देतो, ट्रॅक सुधारले. पण वाढलेली सगळीच टिकणार, असं काकू मानायला तयार नाहीत, आणि मला वाटतं त्यांचं बरोबर आहे.

"आपल्याकडचं बोला," अण्णा म्हणाले.

"गुलवीर सिंग. उत्तर प्रदेशचा, फौजी. २१ फेब्रुवारी २०२५, बॉस्टन. पाच हजार मीटर १२:५९.७७. तेरा मिनिटांच्या आत आलेला पहिला भारतीय. त्यानं फॉर्म मेपर्यंत ओढला, कोरियात गुमीला आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धेत पाच हजार आणि दहा हजार, दोन्ही सुवर्णं. टोकियोला मात्र पाच हजारात अंतिम फेरी नाही. आणि आपला अविनाश."

अविनाश साबळे म्हटलं की काकूंचा आवाज बदलतो. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा मुलगा, शाळेत चालत-पळत जाणारा, सैन्यात जाऊन स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळलेला. २०२४ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१ पळाला, तो राष्ट्रीय विक्रम. २०२५ची सुरुवात संथ होती, शियामेनला आठ मिनिटं बावीस. गुमीला सुवर्ण मिळवलं. वाटलं, आता पकड घेतोय. ११ जुलैला मोनाकोत पाण्याच्या अडथळ्यावर पडला. गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं, टोकियो हुकली.

"म्हणून सांगते अण्णा, नातवाला पळू द्या. डिस्ट्रिक्टला न्या. पण आत्ताच बोर्ड लावू नका दारावर. आणि त्याला आधी धड बूट घ्या, परवा सँडलवर पळत होता."

अण्णा पुटपुटत आत गेले. मेथी निवडून झाली होती. मी बादली उचलली आणि जाता जाता परत विचारलं, "काकू, पण खरंच, तुमच्या मनात कुणी नाहीच?"

त्यांनी अण्णांच्या खिडकीकडे एक नजर टाकली आणि भिंतीवर वाकल्या.

"लारोस. टोकियोला पाचवा आला, पदक नाही, पण त्याआधी झ्युरिकला डायमंड लीगचा अंतिम जिंकला होता. शेवटच्या शंभरात त्याचं डोकं शांत असतं. पण हे आपल्या दोघींत हं. अण्णांना कळलं तर संध्याकाळपर्यंत कॉलनीभर होईल, आणि तो हरला की दुधवालासुद्धा मला विचारेल."