सिंत्रातला कार्पेट एरिया

पोर्तुगालच्या राजकन्येचं इंग्लंडच्या राजाशी लग्न झालं आणि मुंबई हुंड्यात गेली, एवढं शाळेत सगळ्यांना शिकवतात. ज्या राजाच्या नावावर मुंबई होती, त्याचं पुढे काय झालं ते मात्र कुणी सांगत नाही. नवरीचा भाऊ, राजा सहावा आफोन्सो, आयुष्याची शेवटची जवळजवळ नऊ वर्षं एका खोलीत कोंडून होता. ती खोली लिस्बनहून लोकलने चाळीसेक मिनिटांवर, सिंत्राच्या डोंगरातल्या राजवाड्यात आहे. आता ती बघायला तिकीट पडतं.

माझ्या आत्याने ते तिकीट आनंदाने काढलं. तिचा सगळा संसार वसईत झाला. त्यामुळे पोर्तुगीज म्हणजे 1739 साली चिमाजी अप्पांनी आपल्याकडून घालवून दिलेली मंडळी, अशी तिची साधी समजूत. गेली तिथे बरी राहतात ना, हे पाहून यावं, इतक्या आपुलकीने ती सिंत्रात फिरत होती. तिची दुसरी सवय म्हणजे कुठलीही वास्तू दिसली की आधी जागा मोजायची.

आफोन्सोच्या खोलीत ती बराच वेळ उभी राहिली. येरझाऱ्या घालून घालून त्याने तिथली फरशी झिजवली, असं सांगतात.

“अख्खी मुंबई देऊन टाकली,” आत्या म्हणाली, “आणि ह्याला शेवटी एक खोली! तीही किचनशिवाय.”

न्यायाने बोलायचं तर व्यवहार त्याने केलाच नव्हता. 1661 च्या तहाच्या वेळी तो अजून अठराचाही नव्हता आणि कारभार आईच्या हातात होता. पुढे धाकट्या भावाने, पेद्रोने, कारभार आपल्याकडे घेतला. राणीने आफोन्सोशी झालेलं लग्न रद्द करवून घेतलं आणि त्याच दिराशी लग्न केलं. राजाची रवानगी आधी दूरच्या बेटावर, मग इथे. हे ऐकल्यावर आत्याचा राग साफ गेला. आईने परस्पर केलेले जागेचे व्यवहार आणि भावाने बळकावलेली जागा, ही दुःखं वसईत कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत.

बरं, किचन त्या वाड्यात नव्हतं असं नाही. गावात शिरताच आधी दिसतात ती दोन पांढरी, निमुळती धुराडी. प्रत्येकी 33 मीटर उंच. ती मुदपाकखान्याचीच. आत उभं राहून वर पाहिलं की मान दुखते. दहा मजली उंचीचं धुराडं आणि धन्याला एक खोली, हा हिशेब आत्याला दिवसभर छळत राहिला.

त्याच वाड्यात एक दालन आहे. त्याच्या छतावर मॅगपाय, म्हणजे आपल्या कावळ्याच्या भावकीतला एक बडबडा पक्षी, एकदोन नाही, 136 वेळा रंगवलेला आहे. पहिला जुआंव राजा एका दासीचं चुंबन घेताना राणीला सापडला. ‘हेतू चांगलाच होता’ असं त्याचं म्हणणं. ते राणीने कितपत मानलं, कोण जाणे. पण वाड्यातल्या बायकांची कुजबुज थांबेना, तेव्हा त्याने जितक्या बायका तितके पक्षी छतावर काढून घेतले, अशी कथा आहे. “छत रंगवून कुणाची तोंडं बंद झालीत?” आत्याने विचारलं. झाली नाहीतच. सहाशे वर्षांनी आम्ही दोघं त्याच विषयावर बोलत होतो.

वरच्या टोकाला पेना राजवाडा. खाली लिस्बनला लख्ख ऊन असलं तरी अटलांटिकची वाफ या डोंगराला अडते आणि वर धुकं साचतं. राजे उन्हाळ्यात इथे यायचे ते याच गारव्यासाठी. जर्मनीहून आलेला दुसरा फर्नांदु हा राणीचा नवरा. 1838 मध्ये त्याने इथला पडका मठ विकत घेतला आणि एका खाणतज्ज्ञ इंजिनियरला हाताशी धरून त्यावर हौस भागवली. पिवळा मनोरा, लाल मनोरा, घुमट, मूरिश कमानी, दारावर समुद्री राक्षस. धुक्यातून तो वाडा पुढे आला तेव्हा लग्नाच्या हॉलच्या मालकाने सगळ्या पार्ट्यांच्या पसंतीचं एकदमच लावून ठेवल्यासारखा वाटला. मला आवडला, हे सांगून टाकतो. चवीची माणसं नाक मुरडतात, मुरडोत.

गंमत आत आहे. राहत्या खोल्या चांगल्याच आटोपशीर, कारण काही मूळच्या भिक्षूंच्या कोठड्याच. आत्याने एका उंबऱ्यात उभं राहून हात पसरले आणि निकाल दिला, “बाहेरून टॉवर, आत वन बीएचके. बिल्डर सगळीकडे सारखेच.” फर्नांदुलाही ते जाणवलं असावं. राणी वारल्यावर त्याने एका ऑपेरा गायिकेशी लग्न केलं आणि तिच्यासाठी बागेच्या दुसऱ्या टोकाला लाकडी भासणारं, बुचाच्या सालीने नटवलेलं दुमजली घर बांधलं. एवढा महाल उभारून माणूस शेवटी बागेतल्या बंगलीत रमला!

परतताना वाटेत पेन्हा व्हेर्देचं फाटक लागलं. ही मालमत्ता जुआंव द कास्त्रो यांची, सोळाव्या शतकातल्या गोव्याच्या गव्हर्नरांची. 1546 च्या वेढ्यानंतर दीवचा किल्ला पुन्हा बांधायला पैसे हवे होते, तेव्हा त्यांनी गोवेकरांकडे आपल्या दाढीचे केस तारण म्हणून धाडले. गोवेकरांनी पैसे दिले आणि दाढी परत केली. एवढं करून बक्षीस काय मागितलं, तर म्हणे सिंत्रातल्या आपल्या जमिनीलगतची एक टेकडी आणि तिच्यावरची थोडी झाडं. त्यांच्या या बागेत सोमनाथ-पाटणचा तेराव्या शतकातला संस्कृत शिलालेखही येऊन पोचला होता. फाटक बंद होतं. आत्याने गजांतून आत पाहिलं. “झाडं पुष्कळ आहेत,” ती म्हणाली. “थोडी मागितली म्हणून जास्त मिळाली. दगड मात्र आपला.”

मग लाल ट्रामने कोलारिशला. तिथे द्राक्षाच्या वेली वाळूत लावतात आणि समुद्रवाऱ्यापासून त्यांना बोरूच्या कुडांचा आडोसा करतात. एकोणिसाव्या शतकात युरोपभरच्या द्राक्षमळ्यांची मुळं एका किडीने खाल्ली. वाळूत तिची डाळ शिजली नाही, म्हणून इथले मळे वाचले. गाव मात्र दुपारी सुस्त. एक आजोबा दारात खुर्ची टाकून बसले होते, पाय रस्त्यावर. दिवसभरात आत्याला पटलेली जागा ही एकच.

संध्याकाळची लोकल सिंत्राहून निवांत सुटली, पण लिस्बनच्या उपनगरांत भराभर भरत गेली. बाकड्यावर जागा दोघांची. पिशव्या घेतलेली एक बाई येऊन उभी राहिली. विरार लाइनवर घडलेल्या आत्याने तिच्याकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं, अंग चोरून पाहिलं. तिसऱ्याची सोय होईना. मग तिने मला कोपराने ढोसलं.

“ऊठ रे. तुझं झालंय बघून.”

ती बाई बसली आणि दोघी आपापल्या भाषेत बोलू लागल्या. मी दांडी धरून उभा होतो.